दहापैकी तीन

संपादकांनी फोनवर सांगितलं, मॅडम, एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलंत, त्यातले चार गमतीचे प्रसंग लिहून द्या, दिवाळीत लोकांना हलकंफुलकं वाचायला आवडतं. मी हो म्हटलं. गमतीचे प्रसंग माझ्याकडे आहेत आणि ते मी सांगणारही आहे. पण कागद पुढ्यात घेतला की दर वेळी घरत सर आठवतात आणि माझ्या पोटात अजून दुखतं. तेव्हा हलकंफुलकं कितपत जमेल याची खात्री देत नाही.

आधी माझं काम काय होतं ते सांगते. पनवेलच्या एका कॉलेजात मी बी.ए., बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला सक्तीचं इंग्रजी शिकवत असे. ‘सक्तीचं’ या शब्दातच सगळं आलं. साहित्य घेऊन एम.ए. केलेल्या माणसाला जे शिकवायचं असतं ते हे नव्हे. वर्गात शंभर-सव्वाशे मुलं, बहुतेक मराठी माध्यमाची. कोणी उरणच्या कोळीवाड्यातून येतं, कोणी नेऱ्याच्या पलीकडच्या डोंगरवाडीवरून, कोणी पळस्प्याच्या नाक्यावरच्या टपरीवर सकाळची पाळी करून. पेपरात एक उतारा, एक पत्र, एक निबंध आणि बाकी किरकोळ. एवढं पार पडलं की मूल सुटलं. नाही पडलं तर ए.टी.के.टी. म्हणजे पुढच्या वर्गात जाऊन बसता येतं, पण मागचा विषय मानेवर बसून राहतो आणि तो सुटल्याशिवाय पदवी हातात पडत नाही. काहींच्या मानेवर तो तीन-तीन वर्षं असतो.

यावर मी एक तोडगा काढला होता आणि त्याचा मला अतोनात अभिमान होता. जुन्या प्रश्नपत्रिका समोर मांडून मी ठरवलं की निबंध मुळात पाचच असतात, बाकी सगळे त्यांचेच भाऊबंद. प्रत्येकाची एक चौकट बनवली. सुरुवातीची तीन वाक्यं तयार, शेवटची तीन वाक्यं तयार, मध्ये विषयाप्रमाणे माल भरायचा. पत्रांचंही तसंच. कॉलेजच्या फाटकासमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे पिवळ्या पुठ्ठ्याची एक फाईल असे, तिला सगळे ‘लिमये मॅडमची पिवळी फाईल’ म्हणत. परीक्षेआधी तिथे रांग लागे. मी समोरून जाताना रांगेतली मुलं बाजूला होऊन वाट देत, आणि मीही जरा हळूच चालत असे.

चौकटीतून घोटाळे व्हायचेच. एका मुलाने माथेरानच्या सहलीवर झकास निबंध लिहिला आणि शेवटाला प्रदूषणाची तीन वाक्यं जोडली. त्यामुळे माथेरान ही एक गंभीर समस्या असून सरकारने तिच्याविरुद्ध तातडीने पावलं उचलली पाहिजेत, असा निष्कर्ष निघाला. मी त्याला पास केलं. पेपर तपासायला आम्ही सगळे प्राध्यापक एका केंद्रावर जमत असू, तिथे दुसऱ्याच कुठल्या तरी कॉलेजच्या गठ्ठ्यात माझा निबंध मला सापडला. वेगळं अक्षर, वेगळं गाव, पण वाक्यं माझी. मी त्याला दहापैकी सात दिले. आठ द्यायला हात धजावला नाही.

आणखी एक होता उरणचा, कोळ्याचा मुलगा. त्याने नोकरीच्या अर्जाचं पाठ केलेलं पत्र परीक्षेत तर लिहिलंच, पण पुढे तेच जसंच्या तसं, फक्त नाव-पत्ता बदलून, बंदरातल्या एका कंपनीला पाठवलं आणि त्याला नोकरी लागली. पहिल्या महिन्यात तो वर्तमानपत्रात गुंडाळलेली पापलेटं घेऊन थेट स्टाफरूममध्ये आला. मी मासे खात नाही हे त्याला सांगायचा मला धीर झाला नाही. दुपारभर स्टाफरूममध्ये वास होता आणि कोणी कुरकुरलं की मी सांगत होते, माझ्या विद्यार्थ्याने आणलीत.

असं सगळं छान चाललं होतं. मग घरत आला.

आला म्हणजे परत आला. तो माझाच विद्यार्थी. ओवे गावचा. खारघरच्या इमारती उभ्या राहिल्या त्यात यांची भातशेती गेली, घरातल्या बाकीच्यांनी रेतीच्या, गाड्यांच्या धंद्यात हात घातला आणि हा एकटा शिकत राहिला. माझी पिवळी फाईल त्याने अशी घोटली होती की मधल्या सुट्टीत मुलं त्याला नंबर सांगत आणि हा तो निबंध म्हणून दाखवी. तोच एम.ए., नेट होऊन माझ्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसला, तेव्हा मी स्टाफरूममध्ये पेढे वाटले. माझं यश म्हणून.

पेढ्यांची चव महिनाभर टिकली. घरतने पिवळ्या फाईलला हातच लावला नाही. तो रोज वर्गात गेला की फळ्यावर इंग्रजीत एक ओळ लिही. आज तुमच्या घरात पहिला आवाज कोणाचा झाला? तुमच्या बॅगेत अशी कोणती वस्तू आहे जी तुम्ही कोणाला दाखवत नाही? कोणावर चिडूनही गप्प बसलात असा एक प्रसंग सांगा. मुलांनी त्यावर दहा मिनिटं वहीत लिहायचं, इंग्रजीत, येईल तसं. शब्द अडला तर मराठी शब्द घालायचा आणि पुढे जायचं. शुक्रवारी तो वह्या गोळा करी, सगळ्या वाची आणि प्रत्येकाच्या लिखाणाखाली पेन्सिलीने एक-दोन ओळींचं उत्तर लिही. चुका सुधारायच्या नाहीत. मार्क नाहीत.

मी त्याला म्हटलं, अरे, परीक्षेत ‘पहिला आवाज कोणाचा’ असा प्रश्न कधी आलाय का? तो हसला. म्हणाला, मॅडम, मी तुमचे पाच निबंध पाठ करून फर्स्ट क्लास मिळवला, पण एम.ए.ला पहिल्यांदा स्वतःचं एक वाक्य लिहायची वेळ आली तेव्हा तासभर नुसता बसून होतो. हे त्याने अगदी साधेपणाने सांगितलं, टोमणा म्हणून नव्हे. टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं.

त्यानंतर मी काय काय केलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगते. स्टाफरूममध्ये पाण्याचा कूलर असताना मी व्हरांड्यातल्या नळावर जाऊ लागले, कारण नळाची वाट त्याच्या वर्गावरून जात होती. माझ्या वर्गात मी बोलायचे आणि मुलं उतरवून घ्यायची. त्याच्या वर्गात शंभरेक डोकी खाली वाकलेली आणि एकाही फाजील पोराची खुसफुस नाही. तो बाकावर पोरांच्या मध्ये बसलेला. मुलं त्याच्याशी ‘आमी’, ‘तुमी’ करत बोलायची आणि तोही तसाच बोलायचा, तरी त्याला ‘सर’ म्हणताना त्यांच्या तोंडात जे यायचं ते मला ‘मॅडम’ म्हणताना येत नव्हतं. झेरॉक्सवाल्याने एकदा सहज विचारलं, मॅडम, यंदा फाईल कमी जाते, पोर्शन बदलला का? मी त्याला धड उत्तरही दिलं नाही.

प्राचार्यांनी त्या वर्षी ए.टी.के.टी.वाल्या मुलांचे दोन गट केले, एक माझा, एक घरतचा. अभ्यासक्रम बदलत होता आणि जुन्या पेपरची ती शेवटची परीक्षा होती. जो या वेळी सुटणार नाही त्याला पहिल्या वर्षाचं सगळं नव्याने करावं लागणार होतं, म्हणजे व्यवहारात कॉलेज सोडावंच लागणार होतं. माझ्या गटात संगीता हिलम नावाची मुलगी होती. नेऱ्याच्या वरच्या अंगाला एक कातकरवाडी आहे, तिथली. पनवेलला मुलींच्या वसतिगृहात राहायची. तिसऱ्या वर्षाला पोचली होती, बाकीचे सगळे विषय सुटलेले, एवढा इंग्रजीचा पेपर दोनदा गेलेला. वाडीतून पदवीपर्यंत आलेली ती पहिलीच. पदवी हातात पडली तर आश्रमशाळेच्या वसतिगृहात अधीक्षिकेच्या जागेसाठी अर्ज करता येईल, असं तिला कोणीतरी सांगितलं होतं आणि तिने ते मनात धरलं होतं.

संगीता माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसे आणि सगळं उतरवून घेई. तोंडातून शब्द नाही. दोन आठवड्यांनी ती दिसेनाशी झाली, आणि एक दिवस नळावर जाताना ती मला घरतच्या वर्गात दिसली, मान खाली घालून भराभर लिहिताना. बाहेर आल्यावर मी तिला अडवलं आणि विचारलं, गट का बदललास.

“तिकडं लिवता येतं, मॅडम,” ती म्हणाली.

मी हसून बरं म्हटलं. त्या दिवशी घरी जाईपर्यंत माझा जळफळाट शमला नाही. माझ्या वर्गातही लिहिताच येत होतं की. इतकी वर्षं मुलं माझ्या वर्गात लिहीतच होती.

परीक्षेला तीन आठवडे राहिले असताना घरतच्या वडिलांचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं आणि त्याला रजा घ्यावी लागली. त्याने दोन कापडी पिशव्या भरून ए.टी.के.टी.च्या गटाच्या वह्या माझ्या टेबलावर आणून ठेवल्या. अडतीस वह्या. म्हणाला, मॅडम, तुमच्याशिवाय कोणाकडे देणार? फक्त वाचा, खाली एखादी ओळ लिहा, पेन्सिलीने, चुका मात्र दुरुस्त करू नका. त्याने जवळचा पेन्सिलींचा एक पुडाही मला दिला. मी ज्याला पेन धरायला शिकवलं तो मला पेन्सिल देत होता. मी म्हटलं, निर्धास्त जा.

रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर मी वह्या घेऊन बसले. पहिल्या दोन-तीन वह्या वाचताना मी शहाण्यासारखी वागले. ‘छान’ लिहिलं, ‘मग पुढे काय झालं?’ असं लिहिलं. पण वाचत गेले तसतशी मी अस्वस्थ होत गेले. ज्या पोराला मी उर्मट म्हणून दोनदा वर्गाबाहेर काढलं होतं तो रोज सकाळी आजोबांची दाढी करून कॉलेजला येत होता. एका मुलीच्या बॅगेत तिच्या मेलेल्या भावाची शिट्टी होती. ही मुलं माझ्यासमोर वर्षानुवर्षं बसली होती आणि ‘माझी आई हा माझा आदर्श आहे’ यापलीकडे मला त्यांनी काही सांगितलं नव्हतं. कारण मीच त्यांना ते सांगायला शिकवलं होतं. आणि इथे प्रत्येक पानावर सर, सर, सर. मी चक्क ‘मॅडम’ हा शब्द शोधायला लागले. अडतीस वह्यांत दोनदा सापडला. एकदा लायब्ररीच्या मॅडमबद्दल आणि एकदा माझ्याबद्दल. लिमये मॅडम हुशार आहेत, त्यांना सगळे प्रश्न आधीच माहीत असतात, असं एकाने लिहिलं होतं.

दहाव्या वहीच्या सुमारास मी उठले आणि पर्समधलं लाल पेन काढलं. मनाशी म्हटलं, पोरांचं नुकसान होतंय, कोणीतरी सुधारायला नको का? हे म्हणताना मला ते खरं वाटत होतं. ज्याने वीस-पंचवीस वर्षं पेपर तपासलेत त्याच्या हाताला चूक दिसली की राहवत नाही, हे आमच्या धंद्यातला कोणीही सांगेल. पण मला हाताचा दोष सांगून सुटायचं नाही. एकदा लाल पेन घेतल्यावर मला बरं वाटू लागलं. मी पहिल्या वह्याही परत ओढल्या. प्रत्येक पान लाल केलं आणि खाली गोल काढून दहापैकी मार्क दिले. त्याच्या वह्यांवर माझी सही होऊ लागली.

संगीताची वही शेवटून तिसरी होती. तिने फळ्यावरच्या ओळीवर काही लिहिलंच नव्हतं. मोडक्यातोडक्या इंग्रजीत जे होतं ते मराठीत असं: सर, माझ्या आईचा हात मोडला. वीटभट्टीवर माणूस कमी पडतो. बाबा म्हणतात तू ये. मी गेले तर परीक्षा जाईल. सर, मी पास होईन का? मी भट्टीवर जाऊ की परीक्षेला बसू, तुम्ही सांगा.

मी ते वाचलं. वाचलंच नाही असं मी पुढे कितीतरी दिवस स्वतःला सांगून पाहिलं, पण मी ते वाचलं होतं आणि ते मला कळलंही होतं. प्रश्न सरळ होता. फक्त तो मला विचारलेला नव्हता. विचारलाय ना सरांना, मग देतील सर उत्तर, असं माझ्या मनात आलं. मी तिच्या सहा-सात चुका दुरुस्त केल्या, खाली ‘वाक्यरचना सुधारा’ असं लिहिलं आणि दहापैकी तीन मार्क दिले.

सोमवारी वह्या वाटल्या. मुलांनी आपापली पानं उघडली आणि वर्ग गप्प झाला. माझ्या वर्गात असतो तसा. मी फळ्यावर आईबद्दलची एक ओळ लिहिली, दहा मिनिटं दिली. शुक्रवारी वह्या परत आल्या तर काय सुरेख लिखाण. सुरुवातीची तीन वाक्यं माझी, शेवटची तीन माझी. मुलांनी मार्क बघितल्याबरोबर पिवळी फाईल काढली होती. अडतीसपैकी सदतीस जणांची आई त्या आठवड्यात एकसारखीच होती. खरं सांगते, मला आनंद झाला. अडतिसावी वही आली नव्हती, ती संगीताची. मी गैरहजर म्हणून खूण केली.

घरत आला तेव्हा परीक्षेला पाच दिवस उरले होते. वडील सुखरूप होते. त्याने स्टाफरूममध्ये उभ्यानेच पिशवीतल्या वह्या चाळल्या, एक, दोन, पाच, दहा. मी पेपर वाचत असल्याचं दाखवत होते. तो ओरडला नाही. वह्या नीट रचून ठेवल्या आणि विचारलं, मॅडम, संगीताची वही? मी म्हटलं, ती येत नाहीये. त्याने तिथूनच वसतिगृहाला फोन लावला. ती दहा दिवसांपूर्वीच बॅग घेऊन गेल्याचं त्याला कळलं, कुठे ते मात्र तिथे कोणाला ठाऊक नव्हतं. त्याने माझ्याकडे पाहून विचारलं, तिने काही लिहिलं होतं का?

मला ‘नाही’ म्हणता आलं असतं. वही तिच्याजवळ होती, कोण बघायला जाणार होतं? पण खोटं बोलले असते तर ती कुठे आहे हे सांगणारं दुसरं कोणी नव्हतं. मी सांगितलं, भट्टीवर जाऊ की परीक्षेला बसू असं विचारलं होतं. मग तुम्ही काय लिहिलंत, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, तीन. त्याला आधी समजलं नाही. समजल्यावर तो खुर्चीवर बसला आणि मग गाडीची किल्ली उचलून म्हणाला, चला.

आधी वाडीवर गेलो. निम्म्या घरांना कड्या होत्या, दिवाळीनंतर ही माणसं भट्ट्यांवर जातात ती थेट पावसाच्या तोंडावर परततात. एका म्हातारीने सांगितलं, हिलम पळस्प्याच्या पुढं, गोवा रोडला आत. घरत रस्त्याकडे बघून गाडी चालवत होता. मी दोनदा बोलायचा प्रयत्न केला, एकदा त्याच्या वडिलांच्या तब्येतीबद्दल आणि एकदा उन्हाबद्दल.

भट्टीवर संगीता कच्च्या विटा उलटत होती. हात कोपरापर्यंत मातीने भरलेले. आम्हाला बघून ती उभी राहिली आणि ओढणी सारखी करू लागली, तर ओढणीलाही माती लागली. तिची आई गळ्यात हात बांधून झोपडीच्या दाराशी बसली होती. बाप काशिनाथ चिखल तुडवत होता, तो तसाच पाय न धुता आला. घरत संगीताला तिच्याच बोलीत म्हणाला, अगं, मी नव्हतो तर मला फोन करायचा व्हता, निगून कशाला आलीस?

संगीता त्याच्याशी नाही, माझ्याशी बोलली. आवाजात राग नव्हता.

“मी इचारलं व्हतं, पास होईन का. तर तुमी तीन दिलं. तीन म्हंजी नापास. मला वाटलं, ह्येच उत्तर हाय.”

मला तोवर वाटत होतं की मी उत्तर दिलंच नाही, एवढीच माझी चूक. उत्तर मी दिलेलं होतं. आणि ते तिने मानलं होतं, कारण लिमये मॅडमला सगळं आधीच माहीत असतं.

काशिनाथ मलाच विचारू लागला. मी वयाने मोठी, साडीतली, चष्म्यातली, त्यामुळे त्याला मीच मुख्य वाटले. म्हणाला, मॅडम, तुमी नापास केली, आन् आता तुमीच न्यायला आलाव. पोरगी पास व्हनार का नाय ते एकदा सांगा. मी म्हटलं, ते मला माहीत नाही. पण ते तीन मार्क तिचे नव्हते. तो म्हणाला, मग कुणाचे? घरत तिथेच उभा होता. मी त्याच्याकडे न बघता सांगितलं की मुलं या सरांना सगळं सांगतात आणि मला काही सांगत नाहीत, याचा मला हेवा वाटत होता, त्या रागात मी ते दिले.

काशिनाथने आधी माझ्याकडे पाहिलं, मग घरतकडे, मग आपल्या पायांच्या चिखलाकडे.

“म्हंजी तुमचा हेवा,” तो म्हणाला, “आन् इटा आमची पोर उचलते.”

शेवटी तिची आई दारातून म्हणाली की शेजारचं जोडपं चार दिवस आपल्या विटा उलटून देईल, तिला जाऊ द्या, परीक्षा झाली की तिने परत यायचं. काशिनाथ हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही, चिखलात परत गेला. संगीता हात धुवायला पिंपाकडे गेली.

ते चार दिवस ती सकाळी घरतकडे आणि दुपारी माझ्याकडे बसली. घरत तिला विषय देई आणि ती लिहीत सुटे. माझ्याकडे आली तेव्हा मी काय शिकवावं ते मला सुचेना. तीच म्हणाली, मॅडम, पत्राची चौकट द्या, कुठं काय लिवायचं त्यात माझा गोंधळ व्हतो, मधलं मी लिवते. मी चौकट दिली. एवढ्या वर्षांत दिलेली ती सगळ्यात कमी शब्दांची होती. निघताना तिच्या वहीच्या मागच्या पानावर मी माझा मोबाईल नंबर लिहिला आणि म्हटलं, काही अडलं तर मला फोन कर. पेन्सिलीने लिहिला.

परीक्षा देऊन ती त्याच दुपारी भट्टीवर परतली. घरत परीक्षेनंतरही वह्या गोळा करत राहिला; बाकीच्या सदतीस जणांनी त्याच्याशी पुन्हा पहिल्यासारखं लिहायला सुरुवात केली, पण ते लगेच नाही, आणि चौघांनी तर कधीच नाही. घरतने मला त्याबद्दल एका शब्दाने ऐकवलं नाही. पुढच्या सत्रात त्याने मला वह्याही दिल्या नाहीत.

निकाल लागला तेव्हा संगीता पास झाली, त्रेचाळीस मार्क मिळवून. हे मला घरतने स्टाफरूममध्ये येऊन सांगितलं, तिने त्याला फोन केला होता. मी अभिनंदन म्हटलं, खरोखर मनापासून, माझा जीव भांड्यात पडला होता. आणि मग माझा मोबाईल काढून बघितला, न घेतलेला एखादा कॉल दिसतो का. नव्हता. तिने मला का करावा? हे सगळं कळत असूनही मी त्या संध्याकाळी दोन-तीनदा बघितलं. त्यानंतर वर्षभराने मी निवृत्त झाले. पदवी झाल्यावर तिला आश्रमशाळेत जागा मिळाल्याचंही मला घरतकडूनच कळलं, आणि ती तिथल्या मुलींना रोज संध्याकाळी वहीत लिहायला बसवते, हेही.

मागच्या महिन्यात दुपारी एका अनोळखी नंबरवरून फोन आला. मॅडम, मी संगीता हिलम, असं पलीकडून ऐकू आलं आणि मी खुर्चीतून उठून उभीच राहिले. तिने तब्येत विचारली. मी तिची विचारली, आईच्या हाताची विचारली. मग ती जरा घुटमळली आणि म्हणाली, मॅडम, घरत सरांचा फोन लागत नाय, त्यांचा दुसरा नंबर हाय का तुमच्याकडं?

मी विचारलं, का गं, काही अडचण आहे?

“अडचन नाय. सरांना एक इचारायचं व्हतं.”

मला विचार, असं अगदी ओठांवर आलं होतं. मी डायरी उघडली आणि घरतचा नंबर तिला एकेक आकडा करून सावकाश सांगितला. मग म्हटलं, आता तू मला परत म्हणून दाखव, आणि तिने तो पूर्ण, बरोबर म्हणेपर्यंत मी फोन ठेवला नाही.